मुंबई ते टोकियो: अंतर किती, तास किती, आणि हिशेब कसा मांडायचा

जपानी भाषेची परीक्षा देऊन नोकरी मिळाली, कंपनीने प्रकल्पावर पाठवलं, किंवा मुलगी तिकडे असते म्हणून आई-बाबा पहिल्यांदाच निघाले. कारण काहीही असो, घरात पहिला प्रश्न तोच येतो. "किती तास लागतात हो?" त्यावर एक जण आठ सांगतो, दुसरा दहा, आणि तिसरा म्हणतो, "आमचे तर सोळा गेले." गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत असतात. एकाने जातानाचा वेळ सांगितला, दुसऱ्याने येतानाचा, तिसऱ्याने मधल्या थांब्यासकट.

अंतर एका आकड्यात सांगता येतं. वेळेचं तसं नाही. त्यात वारा असतो, हिमालय असतो, घड्याळातला फरक असतो आणि मुंबईच्या धावपट्टीवरची गर्दीही असते. हा सगळा हिशेब घरी बसून, साध्या कॅल्क्युलेटरवर करता येतो. तो एकदा जमला की आशियातल्या कुठल्याही दोन शहरांना लावता येतो.

पायरी १: आधी दोन टोकं पक्की करा

"टोकियो" असं तिकिटावर नुसतं लिहिलेलं असलं तरी विमान उतरतं ते दोनपैकी एका ठिकाणी: हानेदा किंवा नारिता. हानेदा शहराला लागून, खाडीच्या काठावर आहे. नारिता शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटर पूर्वेला, शेजारच्या चिबा प्रांतात. तिकिटावर हानेदाचा कोड एचएनडी आणि नारिताचा एनआरटी असा असतो. मुंबईच्या सहारच्या जुन्या विमानतळाचा कोड बीओएम. आता उलव्याला नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालं आहे, त्याचा कोड एनएमआय. कोड न बघता टॅक्सी सांगू नका. सहार आणि उलवे यांच्यामध्ये अख्खी खाडी आहे.

इंटरनेटवर अंतराचे वेगवेगळे आकडे दिसतात त्याचं मुख्य कारण हेच. मुंबई–हानेदा सरळ अंतर सुमारे ६,७३० किलोमीटर भरतं, मुंबई–नारिता सुमारे ६,७८०. आकडा फारच कमी दिसला तर एकक बघा: ४,२१५ हे मैल आहेत आणि ३,६६० हे सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वैमानिक सागरी मैलांत मोजतात, विमान कंपन्यांच्या पॉइंट योजना बहुधा साध्या मैलांत.

पायरी २: अंतर स्वतः काढून बघा

घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं टोकियोवर, आणि ताणून धरा. दोरा आपोआप सगळ्यात जवळचा मार्ग पकडतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ हा तो मार्ग नव्हे. दोरा त्या रेघेच्या बराच उत्तरेने जातो.

गणिताची हौस असेल तर दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. नारिता ३५.७६ उत्तर, १४०.३९ पूर्व. रेखांशातला फरक ६७.५२ अंश. मग:

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.१९१.
दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार करा: ०.२९३.
बेरीज ०.४८४. हा ज्या कोनाचा कोसाइन आहे तो कोन म्हणजे सुमारे ६१ अंश.
पृथ्वीवर एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर. गुणलं की ६,७८० च्या घरात आकडा येतो.

कॅल्क्युलेटर "डिग्री"वर आहे ना, तेवढं आधी तपासा. "रेडियन"वर असला तर टोकियो कुठल्या कुठे जाऊन बसेल.

सपाट नकाशावरच्या त्या सरळ रेघेने, म्हणजे सतत एकाच दिशेला तोंड ठेवून गेलं, तर प्रवास फक्त शंभरेक किलोमीटरनी वाढतो. मुंबई खाली, उष्ण कटिबंधात असल्यामुळे फरक कमी आहे. टोकियोहून युरोप किंवा अमेरिकेला जाताना हाच फरक खूप मोठा होतो.

पायरी ३: विमान त्या दोऱ्यावरून जातं का?

नाही. आणि हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो.

दोरा कुठून जातो ते बघा. मुंबई सोडल्यावर पचमढीजवळून, पाटण्याला जवळजवळ चाटून, सिलिगुडीवरून तो थेट थिंपूवर जातो. हो, भूतानची राजधानी! तिथून पूर्व तिबेट, मग सिचुआनमध्ये चेंगडूच्या उत्तरेला प्रवासाचा बरोबर मध्यबिंदू, पुढे पीतसमुद्र, दक्षिण कोरिया आणि जपान.

थिंपूपासून पुढचा तुकडा अडचणीचा आहे. विमान ३५-४० हजार फुटांवर असतं, हिमालयाच्या कितीतरी वर. त्यामुळे डोंगराला धडकण्याचा प्रश्न नसतो. प्रश्न असतो तो खाली यावं लागलं तर काय, हा. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर डोक्यावरचे मास्क खाली येतात, पण बहुतेक विमानांत त्यातला प्राणवायू साधारण पंधरा-वीस मिनिटंच पुरतो. तेवढ्यात विमानाला दहा हजार फुटांच्या आसपास उतरावं लागतं, जिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. तिबेटच्या पठारावर जमीनच चौदा-पंधरा हजार फुटांवर आहे. उतरणार कुठे? एक इंजिन बंद पडलं तरी तीच पंचाईत, कारण एका इंजिनावर तेवढी उंची टिकत नाही. म्हणून त्या पठारावरून जायचं तर खास मार्ग, जादा प्राणवायू आणि चटकन खाली उतरायच्या वाटा आधी आखाव्या लागतात. मुंबई–टोकियोसारख्या फेरीला त्याची गरजच नाही. विमान थोडं दक्षिणेला राहून बांगलादेश, म्यानमार आणि मग चीनच्या युन्नान प्रांतावरून पूर्वेला निघतं.

याची किंमत किती? दोरा कुनमिंगला मोडून पुन्हा मोजला तर ६,९१५ किलोमीटर होतात. म्हणजे जेमतेम १३०-१४० किलोमीटर जास्त, नऊ-दहा मिनिटं. हिमालय चुकवण्यासाठी हे काहीच नाही.

आणखी एक शंका लोक विचारतात, म्हणून इथेच सांगतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, त्याने दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या फेऱ्या लांबल्या. टोकियोचा रस्ता त्या बाजूला जातच नाही.

पायरी ४: अंतरावरून तास

लांब पल्ल्याचं जेट वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास चालतं. पण चढायला, उतरायला, धावपट्टीपर्यंत रांगायला वेळ जातो. त्यामुळे साधा नियम: किलोमीटरला ९०० ने भागा आणि वर ४० मिनिटं घाला.

६,९१५ भागिले ९०० म्हणजे ७ तास ४१ मिनिटं. अधिक ४० मिनिटं. एकूण ८ तास २१ मिनिटं. वारा अजिबात नसता तर एवढा वेळ लागला असता, जातानाही आणि येतानाही.

हा नियम मुंबई–दुबईला लावून बघा. अंतर सुमारे १,९३० किलोमीटर, उत्तर पावणेतीन तासांच्या जवळ येतं. तिकिटावर बहुधा त्याहून थोडा जास्त आकडा दिसेल. चार-पाचशे किलोमीटरच्या छोट्या फेरीला मात्र हा नियम नीट बसत नाही. तिथे वर गेलेलं विमान लगेच उतरायलाच लागतं.

तिकिटावरचा वेळ हा गेट सोडल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो, निव्वळ हवेतला नव्हे. मुंबईत तो थोडा सैल धरलेला असतो. आपल्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरात असते. संध्याकाळी सातनंतर उड्डाणासाठी विमानांची रांग लागलेली दिसेल. "वेळेआधी पोचलो" असं वैमानिक मोठ्या आनंदाने जाहीर करतो, त्यातली थोडी मिनिटं या सैल हिशेबातलीच असतात.

पायरी ५: वारा

आता आठ आणि दहा तासांचं कोडं. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक झोत वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो हिमालयाच्या दक्षिणेने, उत्तर भारतावरून चीनकडे जातो आणि जपानवर पोचेपर्यंत अतिशय जोरदार होतो. जानेवारीत जपानच्या आकाशात ताशी २०० किलोमीटरच्या वर वारा असणं ही नेहमीची गोष्ट, कधी कधी ३०० च्याही पुढे.

हा झोत पहिल्यांदा नीट मोजला तोही जपानमध्येच. १९२०च्या दशकात ओइशी वासाबुरो नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून उंचावरच्या वाऱ्याची मोजमापं घेतली. जगाने वाचावं म्हणून अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. पण ती भाषा येणारे फारच थोडे. त्यामुळे तो जगात जवळजवळ कुणीच वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात टोकियोवर उंचावरून बॉम्ब टाकायला आलेल्या अमेरिकी वैमानिकांना हा वारा अनुभवातून कळला.

आपल्या हिशेबात तो असा येतो. समजा वाटेतल्या ४,००० किलोमीटरवर ताशी १२० किलोमीटरचा वारा आहे. वाऱ्याशिवाय या तुकड्याला ४ तास २७ मिनिटं लागली असती. जाताना वारा पाठीवर: वेग १,०२०, वेळ ३ तास ५५ मिनिटं, म्हणजे अर्ध्या तासाची बचत. येताना वारा तोंडावर: वेग ७८०, वेळ ५ तास ८ मिनिटं, म्हणजे ४१ मिनिटांचा तोटा. जाताना कमावलेलं येताना तेवढंच गमावलं, असं होत नाही; गमावलेलं नेहमी जास्त असतं, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. त्यात परतताना वारा चुकवायला वैमानिक लांबचा मार्ग घेतात आणि मुंबईवर आल्यावर घिरट्या घालायची वेळ येऊ शकते.

म्हणून ढोबळ आकडे लक्षात ठेवा: मुंबईहून टोकियोला थेट विमानाने आठ ते साडेआठ तास, टोकियोहून मुंबईला साडेनऊ ते दहा. उन्हाळ्यात तो झोत उत्तरेला सरकतो आणि मंदावतो, तेव्हा हा फरक कमी होतो. विमान कंपन्यांची वेळापत्रकं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. एकाच क्रमांकाच्या विमानाचा जानेवारीतला आणि जुलैतला वेळ शेजारी ठेवून बघा, वारा कागदावर दिसेल.

पायरी ६: तिकीट वाचा

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावाची असते. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. दोन्ही देशांत उन्हाळ्यात घड्याळं पुढे सरकवण्याची पद्धत नाही, त्यामुळे हा फरक वर्षभर तोच राहतो.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. मुंबईहून सुटणार रात्री ८ वाजता, नारिताला पोचणार दुसऱ्या दिवशी सकाळी ७:३० ला. घड्याळात साडेअकरा तास गेले. त्यातून साडेतीन वजा करा, प्रवास आठ तासांचा. परत येताना नारिताहून संध्याकाळी ५ ला, मुंबईत रात्री ११:१५ ला. घड्याळात सव्वासहा तास; त्यात साडेतीन मिळवा, प्रवास पावणेदहा तासांचा. जाताना वजा, येताना अधिक. एवढं पाठ असलं की कुठलंही तिकीट वाचता येतं.

मध्यरात्रीचं तिकीट जपून. "१२ तारीख, ००:३०" याचा अर्थ ११ तारखेच्या रात्री नऊ-साडेनऊला विमानतळावर हजर. बारा तारखेच्या रात्री बॅगा घेऊन पोचणारे लोक दरवर्षी असतात, आणि काउंटरवर त्यांची समजूत घालणं हे काम कुणालाच आवडत नाही.

घड्याळात फरक साडेतीन तासांचा असला तरी शरीराला जास्त जाणवतो. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखांशाची, जपानची आकाशी शहरावरून जाणाऱ्या १३५ अंशांची. मुंबई आपल्या रेखांशाच्या बरीच पश्चिमेला, टोकियो आपल्या रेखांशाच्या पूर्वेला. सूर्याच्या हिशेबाने दोन शहरांत जवळजवळ साडेचार तासांचं अंतर पडतं. (मुंबईची स्वतःची वेगळी वेळ होतीच की. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालणारी "मुंबई वेळ" १९५५ पर्यंत वापरात होती.) जूनमध्ये टोकियोत पहाटे साडेचारच्या आधीच सूर्य उगवतो, डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारला मावळतो. आई-बाबांना न्यायचं तर खोलीला जाड पडदे आहेत का हे आधी विचारा.

पायरी ७: थेट की बदलून

मुंबईहून थेट विमानं मोजकी आणि बहुधा महाग. बदलून जायचं तर वाट कुठून जाते ते अंतरावरून ताडून बघा.

दिल्लीमार्गे: सुमारे ७,००० किलोमीटर
हाँगकाँगमार्गे: सुमारे ७,२५०
बँकॉकमार्गे: सुमारे ७,७००
सिंगापूरमार्गे: सुमारे ९,३००
दुबईमार्गे: सुमारे ९,९००

दुबईचं तिकीट स्वस्त दिसलं तरी आधी दोन हजार किलोमीटर उलट दिशेला जायचं आणि मग सगळं पुन्हा पार करायचं, यात मला अर्थ दिसत नाही. तिथे कुणी नातेवाईक असतील आणि दोन दिवस राहणार असाल तर गोष्ट वेगळी. सिंगापूरही नकाशावर वाटेतलं वाटतं, पण ते जवळजवळ विषुववृत्तावर आहे; अडीच हजार किलोमीटरचा वळसा पडतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी दिल्ली किंवा बँकॉक सुचवेन. दिल्लीहून हानेदाला थेट विमानं आहेत आणि हानेदाला उतरणं पुढे सोयीचं पडतं.

मधला थांबा दोन तासांपेक्षा कमी नको, दिल्लीत देशांतर्गत विमानातून बाहेरच्या विमानात जायचं तर तीन तरी हवेत. दोन्ही उड्डाणं एकाच बुकिंगवर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरी कंपनी थांबायला बांधील नसते. बॅगाही स्वतः काढून पुन्हा द्याव्या लागतात आणि त्यासाठी त्या देशात शिरायला व्हिसा लागू शकतो.

साप्पोरो किंवा फुकुओकाला पुढे जाणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर पाहावी: उतरायचं नारिताला आणि पुढचं विमान हानेदाहून, असं तिकीट विकलं जातं. दोन्हींमध्ये बसने सव्वा-दीड तास लागतो, वर इमिग्रेशन आणि बॅगा. किमान चार तास ठेवा.

पायरी ८: दारापासून दारापर्यंत

पुण्याच्या माणसाने रात्री आठच्या विमानासाठी दुपारी एकला घर सोडावं. द्रुतगती मार्ग आणि मुंबईतली कोंडी धरून चार तास. तीन तास विमानतळावर. आठ तास विमानात. नारिताला इमिग्रेशन, बॅगा, कस्टम यांत तास-सव्वा तास. "व्हिजिट जपान वेब" या जपान सरकारच्या संकेतस्थळावर आधी माहिती भरून क्यूआर कोड घेतला असेल तर रांग हलकी होते. मग निशी-कासाई, जिथे बरीच भारतीय कुटुंबं राहतात, तिथपर्यंत दीड तास. बेरीज पावणेअठरा तासांची. त्यातला विमानातला वेळ अर्ध्याहून कमी.

नारिताहून शहरात यायला दोन चांगल्या गाड्या आहेत. नारिता एक्सप्रेस टोकियो स्टेशनला तासाभरात आणते. केइसेइ या रेल्वे कंपनीची स्कायलायनर निप्पोरी स्टेशनला चाळीस मिनिटांत. निशी-कासाई मेट्रोच्या तोझाइ मार्गावर आहे. त्याच मार्गावरच्या ओतेमाची स्टेशनहून पंधरा-सतरा मिनिटं, आणि ओतेमाची टोकियो स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ. दोन मोठ्या बॅगा असतील तर सकाळी आठ-नऊच्या तोझाइमध्ये शिरू नका, ती टोकियोतल्या सर्वांत गर्दीच्या मार्गांपैकी एक आहे. विमानतळावरच्या काउंटरवर बॅगा घरी पाठवायला द्या, बहुधा दुसऱ्या दिवशी दारात येतात.

रात्री उशिरा उतरणाऱ्यांसाठी: टोकियोच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमाराला बंद होतात आणि पहाटे पाचच्या आसपास सुरू होतात. नारिताहून त्या वेळी टॅक्सी केली तर भाडं फार महाग पडतं. रात्री दहानंतर पोचणारं तिकीट असेल तर त्यातल्या त्यात हानेदाचं घ्या, किंवा विमानतळाजवळची खोली तिकिटासोबतच आरक्षित करा.